एका घराचं एक कार्ड

मी जनावरांची डॉक्टर आहे. जुन्नर तालुक्यातल्या राजुरीच्या भागात बदली होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच इथल्या गायींची सगळी हकिकत माझ्या हातात आली. कोणत्या गोठ्यात किती गायी, कुणाच्या कानात कितव्या नंबरचा पिवळा बिल्ला, कोणती कधी व्याली, कोणाला कोणती लस टोचली, सगळं मोबाइलवर. गाय बेल्ह्याच्या बाजारात विकली गेली तरी तिचा नंबर तिच्याबरोबर जातो. माझ्या आईला मात्र याच भागात सात महिने स्वतःचा कागद मिळाला नाही. माझा संताप इथून सुरू होतो.

वडील गेल्यावर आई यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी एकटीच राहत होती. मी एकुलती एक, लग्न न केलेली, आणि नोकरी राज्याच्या या टोकाला. माझ्याकडे चल म्हणून मी दोन वर्षं तिच्या मागे लागले होते. ती दर वेळी एकच म्हणायची, "तिथं मले पाह्यणारा डॉक्टर कोनता?"

ऐकणाऱ्याला हा बहाणा वाटेल. तो बहाणा नव्हता. काही वर्षांपूर्वी तिची कंबर धरली म्हणून कोणीतरी तिला दुखण्यावरचं इंजेक्शन दिलं होतं. पाच मिनिटांत तिचा चेहरा सुजला, ओठ सुजले, घसा आवळत गेला. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तेव्हा तिला वाचवलं, आणि तेव्हापासून काहीही दुखलं तरी ते आधी म्हणायचे, "ते एक औषध सोडून देतो हं." हे वाक्य ऐकलं की आई निर्धास्त व्हायची. ते एक औषध म्हणजे डायक्लोफिनॅक. गाई-म्हशींना ते द्यायला सरकारची बंदी आहे, कारण मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती. म्हणजे मी ते गाईला टोचलं तर माझी नोकरी जाईल. माणसाला मात्र ते कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं.

मी आईला शब्द दिला की तिथे तुझ्यासाठी डॉक्टर मी शोधून देईन. दिवाळीनंतर ती आली. आम्ही एका मळ्यात राहत होतो, शेतकरी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने. खाली घरमालक, त्यांची बायको आणि त्यांची म्हातारी आई. माणसं खरोखर चांगली. पहिल्याच दिवशी वर ताक, भाकरी आणि ठेचा आला. मालकीणबाईंनी आईच्या पाया पडून तिला "आजी" म्हटलं आणि मला विचारलं, "मिस्टर कुठं असत्यात?" नाहीत म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला, तोही चांगुलपणानेच.

डॉक्टर शोधायला निघाले आणि माझं डोकं फिरायला लागलं. चांगला डॉक्टर कोण, असं विचारलं की लोक हाताबद्दल बोलायचे. अमक्याच्या हाताला गुण आहे. तमक्याचा हात हलका, सुई टोचलेली कळतही नाही. एकाने तर शिफारस केली, "लई भारी डॉक्टर हाय राव, गेलं की पयली बाटलीच लावतो." बाटली म्हणजे सलाईन. कोणी असं सांगेना की अमका डॉक्टर ऐकून घेतो, लिहून ठेवतो, लक्षात ठेवतो. आळेफाट्याच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आईकडे एकदाही न पाहता चार तपासण्या लिहून दिल्या. मी दोन प्रश्न विचारले तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही ढोरांच्या ना?" मी म्हटलं, हो, आणि मी ढोराला हात लावल्याशिवाय औषध देत नाही. आम्ही परत तिकडे गेलो नाही.

शेवटी मालकीणबाईच म्हणाल्या, "आवो आमच्या डॉक्टरांकडं न्या की. तीस वर्सं झाली, समद्या मळ्याला त्येच बघत्यात."

दवाखाना रस्त्याला लागून, दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत कंपाउंडर, साठीचा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात. त्याच्या मागे भिंतभर बुटांचे रिकामे खोके रचलेले आणि प्रत्येकावर एकेका मळ्याचं नाव. इथे घरं गावात कमी आणि मळ्यांत जास्त, म्हणून दवाखान्यातली कार्डंही मळ्यांप्रमाणे लावलेली. एका घराचं एक कार्ड. सासू, सून, मुलगा, नातू, सगळे त्या एकाच जाड पिवळ्या कार्डावर, एकाखाली एक. वर फक्त घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव.

"कुठला मळा?" कंपाउंडरने विचारलं. मी सांगितला.

"कुनाच्या घरातल्या?"

"आम्ही नवीन आहोत. नवीन कार्ड काढा."

"ऱ्हाता कुनाकडं?"

मी घरमालकांचं नाव सांगितलं. "मंग आसं म्हना की," असं म्हणून त्याने खोक्यातून त्यांचं कार्ड ओढून काढलं.

"अहो काका, आम्ही भाडेकरू आहोत."

"चूल येगळी आसंल, छप्पर तर येकच हाय ना? नवं कार्ड नव्या घराला आसतं. तुमचं घर कुठं हाय हितं?"

आणि त्याने कार्डावर सगळ्यात खाली लिहिलं: आजी, चक्कर, बी.पी. आईचं नाव त्याने विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही जोर लावला नाही. बाकावर वीस माणसं खोळंबली होती, आई थकली होती, आणि आत जाऊन डॉक्टरांनाच काय ते सांगू असं मी मनाशी म्हटलं. ही चूक माझी. ती मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

आतले डॉक्टर मात्र मला आवडले. त्यांनी आईचा हात हातात घेऊन नाडी पाहिली, डोळे पाहिले, पायाची सूज बोटाने दाबून पाहिली. मी डायक्लोफिनॅकचं सांगितल्यावर खिशातलं लाल पेन काढून कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आजीला डायक्लो बंद. खाली दोन रेघा मारल्या. मी इतकी खूश झाले की घरी येताना आईला म्हटलं, "मिळाला ना तुझा डॉक्टर?" त्या रात्री आईने गावच्या शेजारणीला फोन करून घराची किल्ली आता तुझ्याकडेच राहू दे म्हणून सांगितलं. म्हणजे ती राहणार होती.

तीन-चार महिने सुरळीत गेले. नंतर खाली जे घडलं ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मालकीणबाईंकडून आणि कंपाउंडरकडून तुकड्या-तुकड्यांनी ते मला नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा हसावं की कपाळ बडवावं ते समजेना.

उन्हाळी कांदा काढायच्या दिवसांत घरमालकांच्या आई दोन दिवस कांद्यांची पात कापत बसल्या आणि त्यांचे गुडघे धरले. त्या याच दवाखान्यात नेहमीची सुई घ्यायला गेल्या. कंपाउंडरने कार्ड काढलं, लाल अक्षरं वाचली आणि म्हणाला, "आजी, तुमाला ही सुई बंद केलीया." त्या पिसाळल्या. "धा वर्सं घेतीया मी ती सुई! कुनी बंद केली?" आवाज आत गेला. डॉक्टरांनी बाहेर येऊन कार्ड पाहिलं, या आजीकडे पाहिलं. या आजी दहा वर्षं ते इंजेक्शन घेतात हे त्यांना चांगलं माहीत होतं. लाल ओळ चुकून पडली असेल म्हणून त्यांनी ती त्याच लाल पेनाने खोडली. वर सही केली. आजींना सुई मिळाली आणि बरं वाटलं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहिलं तेही बरोबर होतं आणि नंतर खोडलं तेही बरोबर होतं. समोर बसलेल्या बाईच्या बाबतीत दोन्ही वेळा ते अगदी बरोबर होते. फक्त त्या बाया दोन होत्या.

जूनच्या सुरुवातीला आईच्या अंगात ताप आणि पाठीत उसण भरली. मी त्या दुपारी तीन मैलांवर एका गोठ्यात होते. गाय अडली होती, वासराचा पाय मागे दुमडलेला. मालकीणबाई वर चहा घेऊन गेल्या, आईला कण्हताना पाहिलं आणि लगेच गाडीवर बसवून दवाखान्यात घेऊन गेल्या. मला त्रास नको म्हणून फोन केला नाही. हा त्यांचा चांगुलपणा, आणि त्याबद्दल मी आजही त्यांना नावं ठेवत नाही.

डॉक्टर आत दुसऱ्या पेशंटला तपासत होते आणि बाहेर कंपाउंडर ताप-पाठदुखीचं नेहमीचं इंजेक्शन भरत होता. आईने त्याला विचारलं, "हे कोनतं? मले ते दुखन्याचं चालत नाई."

त्याने काय करावं? त्याने कार्ड पाहिलं. "आजी, ते आता खोडलंय. आता चालतं तुमाला."

"मले चालत नाई म्हनते ना मी."

"डॉक्टरांची सही हाय, आजी."

आणि मालकीणबाई तिचा हात धरून म्हणाल्या, "घ्या वो, काय न्हाई व्हत. आमच्या सासूबाई कायम घेत्यात."

आई दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या गाडीवर आलेली, तापाने फणफणलेली. दोन माणसं प्रेमाने समजावतायत आणि कागदावर डॉक्टरांची सही. तिने दंड पुढे केला. बहात्तर वर्षांची बाई स्वतःच्या शरीराबद्दल दोनदा स्पष्ट बोलली, आणि तिच्या बोलण्यापेक्षा एका खोडलेल्या ओळीचं वजन जास्त ठरलं.

मला फोन आला तेव्हा माझा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात होता. गोठ्याच्या मालकाने फोन माझ्या कानाला धरला. पलीकडून मालकीणबाई रडत होत्या. "म्याडम, आजींना कसंतरी व्हतंय, तोंड सुजलंय, डॉक्टर आळेफाट्याला नेत्यात." वासराचा पाय नुकताच सरळ झाला होता. मी ओढलं, वासरू बाहेर आलं, जिवंत आहे की नाही हे न पाहता मी गाडीला किक मारली. तसेच गमबूट, तसेच रक्ताने भरलेले कपडे. सगळ्या रस्त्यात माझ्या डोक्यात एवढंच होतं की मीच हिला इथे आणलं.

आळेफाट्याच्या त्या दुसऱ्या दवाखान्यात दारातल्या बाईने माझा अवतार पाहून मला अडवलं. मी आईचं नाव सांगितलं. तिने वही पाहिली. "या नावाचं कोणी आलेलं नाही."

"आत्ता आणलंय, तोंड सुजलेल्या बाई."

"त्या होय?" तिने वही माझ्याकडे फिरवली. तिथे घरमालकांचं आडनाव होतं, आणि त्याच्यापुढे: आजी. मालकीणबाईंना आईचं नाव माहीतच नव्हतं. सात महिने एका जिन्यावरून चढ-उतार, रोज ताकाची देवाणघेवाण, आणि नाव माहीत नाही. आई त्या खाटेवर त्या क्षणी गेली असती तर दुसऱ्याच घरातली एक आजी म्हणून गेली असती. मी त्या वहीवर मोठ्याने ओरडले. कोणावर, ते मलाही माहीत नव्हतं.

आई वाचली. मळ्याच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे उताऱ्याचं इंजेक्शन दिलं होतं, बाकावरचे सगळे पेशंट सोडून स्वतः जीपमध्ये तिच्या शेजारी बसले होते, आणि आळेफाट्यापर्यंत तिचं डोकं धरून होते. मी पोहोचले तेव्हा ते खाटेजवळ उभे होते, शर्ट घामाने चिकटलेला. मला पाहून म्हणाले, "टळलं, मॅडम." तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं, वेळेत आणलं म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवसापासून मळाभर एकच चर्चा. डॉक्टर म्हणजे देवमाणूस. दवाखाना उघडा टाकून म्हातारीबरोबर गेले. असा डॉक्टर आजकाल मिळत नाही. भेटेल तो मला सांगायचा की तुमचं नशीब चांगलं. मला कोणाशी धड भांडताही येईना. ज्यांच्यामुळे आईचा जीव जायची वेळ आली त्यांनीच तो वाचवला होता, आणि मी कृतज्ञतेने हात जोडावेत अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मी जोडले नाहीत. म्हणून मी कडक बाई ठरले.

मालकीणबाईंना मी एवढंच म्हटलं की आईचं कार्ड वेगळं हवं होतं. त्यांचे डोळे भरले. "आमच्या कार्डावर घेतलं ते चुकलं का वो आमचं? आमी तुमाला घरातलं समजलो."

"घरातलं समजलात हे बरोबर," मी म्हटलं, "पण मग घरातल्या माणसाचं नाव तरी विचारायचं."

दोन दिवस ताक आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः वर आल्या, आईच्या शेजारी बसल्या आणि तिचं नाव विचारून गेल्या. मला ते कळल्यावर माझा राग थोडा ओशाळला, पण गेला नाही.

मी दुसरा डॉक्टर शोधायला लागले. मंचर, नारायणगाव, जुन्नर, कुठेही न्यायची माझी तयारी होती. आईने नकार दिला. मला वाटलं ती आता परत जाते म्हणणार. घराची किल्ली, शेजारीण, तिचा तो डॉक्टर. माझ्याकडे तिला थांबवायला एकही शब्द शिल्लक नव्हता. पण ती म्हणाली, "याच्याकडंच जाऊ. दुसरा पाह्यशीन तर तो बी असाच करन. याले निदान आता भेव तरी हाये."

आठ दिवसांनी आम्ही गेलो. मी आईला बाकावर बसवलं आणि बाकी कोणाची पर्वा न करता काउंटरवर उभी राहिले. नवीन कार्ड पाहिजे, माझ्या आईच्या नावाचं, फक्त तिचं. कंपाउंडर म्हणाला, एकट्या बाईमानसाचं कार्ड आजवर काढलेलं नाही, ते कोणत्या खोक्यात लावणार? मी म्हटलं, तुमच्या डोक्यावर ठेवा, पण काढा. बाकावरचे लोक माझ्याकडे बघायला लागले. कोणी म्हणालं, म्याडम, जाऊ द्या, झालं ते झालं. मी म्हटलं, झालं ते तुमच्या आईला झालं असतं तर? आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले आणि आम्हा दोघींना आत घेऊन गेले.

आत मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. बरंचसं खरं होतं आणि थोडं जास्तीचं होतं. मी म्हटलं की पेशंट तोंडाने सांगत असताना कागद वाचून सुई टोचणारा दवाखाना बंद करायला पाहिजे. म्हटलं की तीस वर्षांत तुम्हाला एकाही म्हाताऱ्या बाईचं नाव लिहावंसं वाटलं नाही. डॉक्टर ऐकत राहिले. एकदा फक्त म्हणाले, "मला वाटायचं, मी सगळ्यांना ओळखतो." मला त्या वाक्याचा आणखीनच राग आला, कारण ते खरं होतं. ते सगळ्यांना ओळखत होते, आमच्याशिवाय.

मग त्यांनी खणातून कोरं कार्ड काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काय नाव लिहू आजींचं?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. तिने स्वतःचं नाव सांगितलं. आधी तिचं, मग वडिलांचं, मग आडनाव, एकेक शब्द सुटा करून. डॉक्टरांनी लिहिलं. वय विचारलं, लिहिलं. कोणती औषधं, कधीपासून, लिहिलं. लाल पेन काढून ती ओळ पुन्हा लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या. मग कार्ड बाजूला ठेवून म्हणाले, "आजी, माझं चुकलं. पुन्हा असं होणार नाही."

"मी आजी नोहो," आई म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मले नातू नाई, नात नाई. एक पोरगी हाये, ते हे बसली. मी कोनाची आजी? सात महिने सारे म्हनतात, मी ऐकून घेतलं."

ती रागावलेली नव्हती. बीपीच्या गोळीची वेळ सांगावी तशी सांगत होती. मी इतका वेळ तिच्या वतीने भांडत होते, आणि घरी रोज खालून आजी अशी हाक आली की मीही म्हणायचे, "आजी वर आहे, या." हे तिला लागत असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. "मग मी काय म्हणू तुम्हाला?"

"नाव सांगतलं ना आता," आई म्हणाली. "लिवलं बी तुमी. वाचा."